ट्रूक्रिप्टचा जुना कंटेनर नव्या व्हेराक्रिप्टमध्ये उघडत नाही (वंशावळीच्या वह्यांचे फोटो, नाशिक)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, जरा घाईची आहे.

आमच्या घरात तीर्थपुरोहिताचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. रामकुंडावर येणाऱ्या यजमानांच्या वंशावळीच्या वह्या आमच्याकडे आहेत. लाल कापडात बांधलेल्या, लांबट, जुन्या मोडीतल्या आणि नंतरच्या बाळबोध. कोणत्या गावचं कोण, कधी आलं, बरोबर कोण होतं, कुणाचं श्राद्ध केलं, खाली सही. २०१३ च्या उन्हाळ्यात मी आणि चुलतभावानं एकोणीस वह्यांचे पानापानाचे फोटो काढले. अण्णांची (माझे थोरले काका) अट एकच होती. वही यजमानाशिवाय कुणाला दाखवायची नसते, मग फोटोही कुणाच्या हाती लागता कामा नये. दत्तक, दुसरं लग्न, घर सोडून गेलेला मुलगा, सगळं त्यात लिहिलेलं असतं. म्हणून तेव्हा ट्रूक्रिप्ट ७.१ए या एन्क्रिप्शनच्या (कुलूपबंद करण्याच्या) प्रोग्रामवर ४० जीबीचा कंटेनर (सगळे फोटो आत मावणारी एकच कुलूपबंद फाइल) केला आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवला. पासवर्ड अण्णांनीच ठरवला, रोमन अक्षरांत, आणि देवघरातल्या जुन्या पंचांगात लिहून ठेवला.

२०१९ च्या पुरात दोन वह्या भिजल्या. पानं एकमेकांना चिकटली, शाई पसरली. त्या दोन वह्या आता फक्त या कंटेनरमध्येच आहेत.

जुना विंडोज ७ चा पीसी गेल्या महिन्यात कायमचा बंद पडला. नवा विंडोज ११ चा घेतला, त्यावर ट्रूक्रिप्टच्या जागी आलेलं व्हेराक्रिप्ट १.२६.२४ टाकलं. कंटेनर निवडला, पासवर्ड घातला, तर 'इनकरेक्ट पासवर्ड'. पंचांगातलं पान समोर ठेवून तीन दिवस प्रयत्न चाललेत. अण्णांचं वय ७६. कुठली अक्षरं मोठी, कुठली लहान, याचे त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चाळीसएक प्रकार लिहून काढले आणि एकेक करून मला घालायला लावले. काल संध्याकाळी म्हणाले, "माझंच डोकं चालेनासं झालंय रे." मला ते ऐकवलं नाही.

सिंहस्थ जवळ आलाय. २०१५ ला आमच्याकडे येऊन गेलेली घरं पुन्हा येतील आणि आजोबांची सही दाखवा म्हणतील. काही मार्ग असेल तर सांगा.

सिडकोकर

नव्या मशीनवर कीबोर्ड यूके किंवा मराठी सेट झालेला नाही ना? यूकेवर ॲट आणि दुहेरी अवतरणाच्या जागा बदलतात. पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्यांनी बघा.

गोदाकाठ

बघितलं. बरोबर उमटतोय. कॅप्स लॉकही बंद आहे.

वैनतेय

गोदाकाठ, एक करा. तो संदेश पुन्हा आणा आणि पहिल्या ओळीवर न थांबता तळापर्यंत वाचा. त्यात शक्यतांची यादी असते. पासवर्ड चुकला, पीआयएम (पासवर्डबरोबर देता येणारा जादा आकडा) चुकला, हॅश (पासवर्डपासून किल्ली बनवायची गणिती पद्धत) चुकला, हा व्हॉल्यूमच (म्हणजे कंटेनरच) नाही, जुना काढून टाकलेला अल्गोरिदम आहे. आणि शेवटची ओळ: ट्रूक्रिप्ट प्रकारचे व्हॉल्यूम आता चालत नाहीत.

तुमचा पासवर्ड बरोबर असणार. अण्णांना आजच सांगा.

झालंय ते असं. व्हेराक्रिप्ट हे ट्रूक्रिप्टच्याच कोडवरून २०१३ मध्ये निघालं, फ्रान्समधल्या मुनीर इद्रासी यांनी काढलं. ट्रूक्रिप्ट २८ मे २०१४ ला अचानक बंद झालं. त्यांच्या पानावर 'यात दुरुस्त न झालेल्या त्रुटी असू शकतात' अशी सूचना आली आणि लोकांना विंडोजमधल्याच बिटलॉकर या एन्क्रिप्शनकडे जायला सांगितलं गेलं. तेव्हापासून व्हेराक्रिप्टमध्ये पासवर्डच्या खिडकीत 'ट्रूक्रिप्ट मोड' नावाची एक चौकट असायची. तिच्यावर खूण केली की जुने कंटेनर उघडायचे. ऑक्टोबर २०२३ ला १.२६.७ आली त्यात ती चौकट काढून टाकली. जुने कंटेनर उघडू शकणारी शेवटची आवृत्ती १.२५.९.

गोदाकाठ

शेवटची ओळ तशीच आहे. अण्णांना वाचून दाखवली, अर्थ सांगितला. काही बोलले नाहीत. चाळीस प्रकार लिहिलेला तो कागद घडी करून पंचांगात ठेवला आणि आत जाऊन चहा टाकायला सांगितला.

आता पुढे काय करू ते सविस्तर सांगा. घाई करणार नाही.

मेघमल्हार

मला एक कळत नाही. लोकांचा जुना डेटा आहे हे माहीत असताना ती सोय काढायचीच कशाला? एक चौकट ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

वैनतेय

मेघमल्हार, रास्त प्रश्न. मलाही तेव्हा राग आला होता, नंतर कारण पटलं.

पासवर्डपासून थेट किल्ली होत नाही. पासवर्ड आणि सॉल्ट नावाचा एक यादृच्छिक आकडा घेऊन त्यावर तीच गणिती क्रिया हजारो वेळा करतात, म्हणजे चोराला प्रत्येक अंदाजासाठी तेवढा वेळ घालवावा लागतो. ट्रूक्रिप्ट हे १,००० किंवा २,००० वेळा करायचं. २००४ साली ते ठीक होतं. आजच्या ग्राफिक्स कार्डासमोर ते कडी न लावलेल्या दारासारखं आहे. व्हेराक्रिप्ट साध्या कंटेनरला हेच ५,००,००० वेळा करतं. म्हणून व्हेराक्रिप्टचा कंटेनर उघडायला एकदोन सेकंद लागतात आणि लोक 'स्लो आहे' म्हणून तक्रार करतात. तो उशीर मुद्दाम ठेवलेला आहे.

जुनी सोय ठेवायची तर जुना कोडही सांभाळावा लागतो, त्यातल्या चुकाही. २०१६ मध्ये क्वार्क्सलॅब या सुरक्षा कंपनीनं व्हेराक्रिप्टची तपासणी केली, तिचा खर्च ओएसटीआयएफ या संस्थेनं उचलला होता. त्यातून १.१९ मध्ये बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. असल्या तपासण्यांत जुन्या कप्प्यांतच धूळ सापडते. २०१४ ते २०२३ म्हणजे नऊ वर्षं चौकट ठेवली होती. तेवढ्यात आपण हलायला हवं होतं.

मात्र मुद्दा राहतोच. ज्यांच्याकडे एक डिस्क कपाटात आहे आणि जे दहा वर्षांत एकदा ती लावतात, त्यांच्यापर्यंत ही बातमी पोचत नाही. बदलांची यादी ते वाचणार कुठून?

आता गोदाकाठ, तुमच्यासाठी. सर्वांत आधी त्या ४० जीबीच्या फाइलची कॉपी दुसऱ्या डिस्कवर करा आणि मूळ डिस्क काढून कपाटात ठेवा. पुढचं सगळं कॉपीवर. दुसऱ्या डिस्कचा फॉरमॅट एनटीएफएस किंवा एक्सफॅट असू द्या. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

मग १.२५.९ चं पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारं) रूप घ्या. लाँचपॅडवर आणि सोर्सफोर्जवर जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात. भलत्या 'डाउनलोड' साइटवरून घेऊ नका. शेजारी डिजिटल सहीची फाइल असते, ती पीजीपी या सही तपासायच्या साधनानं तपासा. १.२६ बसवलेल्या मशीनवर १.२५.९ चालवलंत तर ड्रायव्हरची आवृत्ती जुळत नाही म्हणून अडेल. एखादा दुसरा लॅपटॉप घ्या, किंवा थोड्या वेळापुरतं १.२६ काढून ठेवा.

उघडलं की कंटेनर निवडा, व्हॉल्यूम टूल्समध्ये 'चेंज व्हॉल्यूम पासवर्ड' घ्या, वरच्या भागात जुना पासवर्ड आणि 'ट्रूक्रिप्ट मोड'वर खूण, खालच्या भागात नवा पासवर्ड. तोच ठेवला तरी चालेल. यात आतले फोटो पुन्हा एन्क्रिप्ट होत नाहीत, फक्त फाइलीच्या सुरुवातीचा हेडर (किल्ली ठेवलेला छोटा भाग) नव्या पद्धतीनं लिहिला जातो. म्हणून ४० जीबी असो की ४ टीबी, काम मिनिटात होतं. ट्रूक्रिप्ट ६ आणि ७ च्या व्हॉल्यूमना हे चालतं, तुमचं ७.१ए आहे, अडचण नाही.

आडगाव_नाका

यात एक भर घालतो, कारण आमच्याकडे जवळजवळ अनर्थ झाला होता. माझा पेनड्राइव्ह फाइल-कंटेनर नव्हता, अख्खा पेनड्राइव्हच एन्क्रिप्ट केलेला होता. असा ड्राइव्ह लावला की विंडोजला तो ओळखता येत नाही आणि 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल, करू का?' अशी पाटी येते. माझ्या मुलीनं सरळ 'हो' दाबायला बोट नेलं होतं. तेव्हापासून त्या पेनड्राइव्हला कागदी पट्टी चिकटवली आहे, 'फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणायचं'. ज्यांचं अख्खं पार्टिशन एन्क्रिप्ट आहे त्यांनी घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

उबंटूप्रेमी

जुनी आवृत्ती शोधायची नसेल तर लिनक्सचा मार्ग आहे आणि तो मला जास्त सुरक्षित वाटतो. क्रिप्टसेटअप नावाचं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये मिळतं. ते २०१३ पासून ट्रूक्रिप्टचे व्हॉल्यूम उघडतं आणि ती सोय अजून आहे. प्रकार 'टीक्रिप्ट' सांगायचा आणि 'फक्त वाचन' हा पर्याय लावायचा. म्हणजे मूळ फाइलीत एक बिटही बदलत नाही. उबंटू या लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं तर विंडोजला हातही लावावा लागत नाही. मग आतले फोटो नव्या व्हेराक्रिप्ट कंटेनरमध्ये कॉपी करायचे.

गोदाकाठ, तुम्ही नाशिकमध्ये असाल तर मी गंगापूर रोडला राहतो, येऊन करून देईन. अशा वह्यांचं काम आहे म्हटल्यावर पैशाचा प्रश्नच नाही.

गोदाकाठ

उबंटूप्रेमी, मनापासून आभार. आधी वैनतेय यांनी सांगितलेलं करून बघतो, नाही जमलं तर नक्की बोलावतो.

टर्नर_अंबड

थोडं वेगळं पण याच विषयातलं. ज्यांनी नवे विंडोज ११ चे लॅपटॉप घेतलेत त्यांनी हे वाचाच.

अंबडला माझं लेथ आणि मिलिंगचं छोटं युनिट आहे. ग्राहकांची ड्रॉइंग आमच्याकडे असतात आणि ती बाहेर जाऊ नयेत असं लिहून दिलेलं असतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून चार मशीन बदलली. मी कुठलंही एन्क्रिप्शन लावलेलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. एका सकाळी लॅपटॉपच्या बायॉसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) अपडेट आला, रीस्टार्ट झाला आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी 'रिकव्हरी की' (कुलूप उघडायची किल्ली) मागितली. बाहेर ग्राहकाचा माणूस ड्रॉइंगसाठी उभा.

विंडोज ११ २४एच२ नवीन बसवताना मायक्रोसॉफ्ट खातं घातलं की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, होम आवृत्तीतही. की त्या खात्यात जाऊन बसते. आमच्याकडे मशीन ज्यानं लावून दिलं त्यानं स्वतःचं खातं घातलं होतं, काम झाल्यावर काढून टाकलं होतं. की त्याच्या खात्यात! त्याचा फोन दुपारी लागला, त्यानं ४८ आकडे वाचून दाखवले, मी जॉबकार्डच्या मागे लिहिले. सहा सहाच्या आठ गटांत असतात ते. एक गट चुकला की तिथेच अडतं.

आता प्रत्येक मशीनची की छापून तिजोरीत आहे. आणि बायॉसचा अपडेट करण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करतो, नंतर पुन्हा चालू. बायॉस बदलला की किल्ली सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला मशीन अनोळखी वाटतं, म्हणून ती किल्ली देत नाही. कुलूप आपलं काम चोख करत असतं, किल्ली कुठे आहे हे आपल्याला माहीत नसतं.

सिडकोकर

टर्नर_अंबड, हे वाचून लगेच बघितलं. माझ्या लॅपटॉपवरही चालू आहे आणि मला पत्ता नव्हता. की छापली. धन्यवाद.

बिटलॉकरची अजून एक खोड. विंडोज १० च्या १५११ आवृत्तीपासून त्यात एक्सटीएस ही एन्क्रिप्शनची नवी पद्धत आली. तसा एन्क्रिप्ट केलेला पेनड्राइव्ह विंडोज ७ वर उघडत नाही. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात अजून विंडोज ७ आहे. पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट करताना 'कम्पॅटिबल मोड' निवडला तर उघडतो.

गोदाकाठ

अडलो.

भाच्याचा लॅपटॉप घेतला, १.२५.९ पोर्टेबल, कंटेनरच्या कॉपीवर ट्रूक्रिप्ट मोड लावून पासवर्ड बदलला. माउस फिरवायला सांगितलं, फिरवला, हिरवी पट्टी भरली, 'यशस्वी' म्हणालं. १.२५.९ मध्ये ट्रूक्रिप्ट मोडशिवाय उघडतंय. फोटो दिसले! अण्णांना हाक मारून दाखवले. पण नव्या पीसीवर १.२६.२४ मध्ये पुन्हा तोच संदेश.

अजून एक. माझा मित्र रिमोटनं बघत होता. त्याला बाकी सगळा पडदा दिसतोय, फक्त व्हेराक्रिप्टची खिडकी काळी दिसतेय. पीसीत काही बिघाड आहे का?

वैनतेय

काळ्या खिडकीची काळजी नको. १.२६.२४ मध्ये स्क्रीनशॉट आणि पडद्याचं रेकॉर्डिंग अडवायची सोय आली आहे आणि ती आपोआप चालू असते. पासवर्ड पडद्यावरून कुणी टिपू नये म्हणून. रिमोटवरून मदत घ्यायची असेल तर सेटिंग्जमध्ये कामापुरती बंद करता येते. नंतर विसरू नका.

कंटेनर न उघडण्याला मात्र मी जबाबदार आहे. सांगायचं राहिलं, माफ करा. पासवर्ड बदलताना खालच्या भागात हॅश 'अनचेंज्ड' राहू दिला असणार. ट्रूक्रिप्ट ७.१ए मध्ये काही न निवडता कंटेनर केला तर हॅश रिपएमडी-१६० असायचा. म्हणजे आता तुमचा कंटेनर व्हेराक्रिप्टचा झाला, पण हॅश जुनाच राहिला. आणि १.२६.७ नं ट्रूक्रिप्ट मोडबरोबर रिपएमडी-१६० देखील काढला, तसाच गॉस्ट८९ हा सायफरही (एन्क्रिप्शनची पद्धत). त्या संदेशातली शेवटून दुसरी ओळ तीच, 'काढून टाकलेला अल्गोरिदम'.

परत १.२५.९ मध्ये जा. आता ट्रूक्रिप्ट मोडवर खूण नको. व्हॉल्यूम टूल्समध्ये 'सेट हेडर की डेरिव्हेशन अल्गोरिदम' घ्या आणि एसएचए-५१२ हा हॅश निवडा. १.२६ मध्ये ब्लेक२एस नवीन आला आहे, पण तो १.२५.९ ला माहीत नाही. दोन्हीकडे चालणारा एसएचए-५१२ घ्या. माउंट करतानाही (कंटेनर उघडतानाही) हॅशच्या यादीत एसएचए-५१२ च ठेवा. नाहीतर प्रोग्राम एकेक हॅश करून बघतो आणि उघडायला उगाच वेळ जातो.

गोदाकाठ

उघडलं. १.२६.२४ मध्ये, विंडोज ११ वर. एकोणीसच्या एकोणीस फोल्डर.

सगळं सविस्तर उद्या लिहितो.

उबंटूप्रेमी

फार छान झालं. पण मी आग्रहानं म्हणेन की इथे थांबू नका. नवा रिकामा कंटेनर १.२६ मध्येच तयार करा आणि फोटो त्यात हलवा.

हेडर बदलला तरी आतली 'मास्टर की' (फोटो जिच्यानं कुलूपबंद होतात ती खरी किल्ली) तीच राहते, २०१३ ची. पासवर्डनं फक्त ती की झाकलेली असते. जुन्या डिस्कवर जुना हेडर आहे, जुन्या पीसीच्या बॅकअपमध्ये असेल. ज्याच्या हाती तो हेडर आणि जुना पासवर्ड लागला त्याला आजचा कंटेनरही उघडता येईल, तुम्ही पासवर्ड कितीही वेळा बदला. आणि जुना हेडर फोडणं सोपं आहे, २,००० फेऱ्यांचाच आहे तो.

वैनतेय

तत्त्वतः मान्य. पण ४० जीबी हलवताना एखादी फाइल अर्धवट राहण्याचा धोकाही खरा आहे, आणि इथे गुप्ततेइतकंच टिकणं महत्त्वाचं आहे. दोन वह्यांची दुसरी प्रतच नाही. मी म्हणेन दोन्ही करा. पण हलवल्यावर प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज (चेकसम, फाइल जशीच्या तशी आहे का ते दाखवणारा आकडा) जुन्या आणि नव्या जागी जुळवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल या कमांडनं एकेका फाइलची काढता येते. हजारो असतील तर उबंटूप्रेमींनी छोटी स्क्रिप्ट द्यावी. बेरजा जुळल्याशिवाय जुनं काही पुसायचं नाही.

उबंटूप्रेमी

देतो. आज रात्री.

अक्षरओळख

मी लिपीच्या बाजूनं थोडं सांगते, कारण नवा पासवर्ड आता देवनागरीत ठेवावा असं अण्णांच्या मनात येईल, माझ्या वडिलांच्या आलं होतं. व्हेराक्रिप्टच्या १.१७ पासून, म्हणजे २०१६ पासून, कंटेनरचा पासवर्ड कुठल्याही लिपीत चालतो. अख्ख्या सिस्टिम डिस्कचा मात्र नाही, तिथे रोमनच लागतो.

पण आपल्या लिपीत एक खड्डा आहे. 'कोपऱ्यात' हा शब्द घ्या. पडद्यावर एकच दिसतो. एका कीबोर्डवर त्यातला ऱ हे स्वतंत्र अक्षर म्हणून येतो. दुसऱ्यावर र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. तिसऱ्यावर र आणि खाली नुक्ता (टिंब). पहिल्या प्रकारात हा शब्द २४ बाइटचा, बाकीच्या दोन्हीत २७ बाइटचा आणि तेही एकमेकांहून वेगळे. संगणक बाइट बघतो, आपला डोळा अक्षर बघतो. वडिलांनी जुन्या मशीनवर इनस्क्रिप्ट कीबोर्डनं पासवर्ड ठेवला, नव्यावर उच्चारानुसारी कीबोर्ड होता, आणि आठवडाभर बरोबर शब्द चुकीचा ठरत राहिला. ॲ चंही तसंच, कुठे एक अक्षर, कुठे अ वर चंद्र.

शिवाय लांबीची मर्यादा बाइटमध्ये असते. १.२४ पासून १२८ बाइट. आपलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त ३ बाइट खातो, म्हणजे अशी ४२ चिन्हं. त्याआधी ६४ बाइट होती, म्हणजे २१.

देवनागरीत ठेवायचाच असेल तर ऱ्य, ॲ, नुक्त्याची अक्षरं टाळा आणि कोणता कीबोर्ड वापरला हे पासवर्डच्या कागदावरच लिहा. मी स्वतः सात मराठी शब्द रोमनमध्ये लिहिते, मधे मोकळी जागा सोडून.

वैनतेय

अक्षरओळख ताई, हे मला इतकं नेमकं माहीत नव्हतं. जपून ठेवतोय.

मेघमल्हार

मी लग्नाचे फोटो काढतो, ॲपलचा लॅपटॉप आहे, भावाकडे विंडोज. आमचा एकच कंटेनर दोघांकडे फिरतो. दोन गोष्टी अनुभवाच्या. मॅकवर व्हेराक्रिप्टला मॅकफ्यूज नावाचं जोडसॉफ्टवेअर लागतं आणि एम मालिकेच्या चिपवर ते बसवताना मशीन रिकव्हरीत नेऊन सुरक्षा पातळी खाली आणावी लागते. मला ते नको होतं. आता त्याऐवजी फ्यूज-टी वर चालणारं रूपही मिळतं, त्याला हे करावं लागत नाही. दुसरं, कंटेनरच्या आतली फाइल सिस्टिम एनटीएफएस असेल तर मॅकवर फक्त वाचता येतं. एक्सफॅट केलं तर दोन्हीकडे लिहिता येतं, पण डिसमाउंट न करता (कंटेनर बंद न करता) केबल ओढू नका. एकदा एका हळदीचे फोटो असेच गेले, अजून त्या घरासमोरून जाताना जीव खालीवर होतो.

सिडकोकर

हा कंटेनर गूगल ड्राइव्हवर ठेवला तर?

वैनतेय

४० जीबीची फाइल तिथे त्रासाची. शिवाय व्हेराक्रिप्ट कंटेनरच्या फाइलीची बदलल्याची वेळ मुद्दाम जुनीच ठेवतं, त्यामुळे काही सिंक प्रोग्रामना बदल झाल्याचं कळतच नाही. ती खूण सेटिंग्जमध्ये काढता येते. क्लाउडसाठी मला क्रिप्टोमेटर बरं वाटतं, ते प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतं, बदललेली तेवढीच वर जाते. पण या वह्यांना मी क्लाउडवर पाठवणारच नाही. दोन डिस्क, दोन घरं.

गोदाकाठ

कालचं लिहायचं राहिलं होतं.

उबंटूप्रेमी परवा संध्याकाळी घरी आले. १.२६.२४ मध्ये ६० जीबीचा नवा कंटेनर केला, एईएस सायफर आणि एसएचए-५१२ हॅश, आत एनटीएफएस. जुना कंटेनर फक्त वाचनासाठी उघडून फोटो हलवले. स्क्रिप्टनं बेरजा काढल्या. ६,८१२ फाइल, त्यातल्या ६,८११ जुळल्या. एक जुळेना. ती पुन्हा हलवली, जुळली. कॉपी होताना केबल सैल होती असं त्यांचं मत. बेरजा काढल्या नसत्या तर आम्हाला कधीच कळलं नसतं.

ती फाइल उघडून बघितली तर भिजलेल्या दोन वह्यांपैकीच एकीचं पान निघालं. निफाडकडच्या एका घराचं, मोडीत. अण्णांनी चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवून वाचायला लागले, पाच भावांची नावं, मग बहिणी, मग सही नाही, अंगठा. त्या घरातलं कुणीतरी २०१५ ला आलं होतं, मी स्वतः पाणी दिलं होतं, आणि आम्ही त्यांना वही दाखवली होती ते मला आठवतंय.

नवा पासवर्ड अण्णांनीच ठरवला. अक्षरओळख ताईंचं म्हणणं त्यांना वाचून दाखवलं, ते पटलं त्यांना. रोमनमध्ये सात शब्द. कागदावर पासवर्ड, आवृत्तीचा आकडा, हॅशचं नाव आणि तारीख. एक कागद पंचांगात, एक चुलतभावाकडे पंचवटीत दुसऱ्या घरी, दुसऱ्या डिस्कबरोबर. १.२५.९ चा इंस्टॉलर सहीसकट दोन्ही डिस्कवर ठेवलाय, आणि १.२६.२४ चाही.

हेडरचा बॅकअप घ्यायचा राहिलाय, तो आज. वैनतेय, तो कंटेनर असलेल्याच डिस्कवर ठेवू की वेगळा?

वैनतेय

वेगळा. कंटेनरच्या शेवटी एक प्रत आपोआप असतेच, पण डिस्कच गेली तर तिचा उपयोग नाही. छोटीशी फाइल आहे, पेनड्राइव्हवर ठेवा. आणि कधी पासवर्ड बदललात तर त्या दिवशीच नवा बॅकअप घेऊन जुना नष्ट करा. जुन्या हेडरनं जुना पासवर्ड चालतो.

अण्णांना माझा नमस्कार सांगा.

गोदाकाठ

सांगितला. म्हणाले, पुढच्या वेळी नाशिकला आलात तर घरी या, तुमचं मूळ गाव सांगा, वही काढून ठेवतो.